पुरवणी जबाब

चौकशीच्या बाईंनी फाईल त्याच्या बाजूला फिरवली, एका ओळीखाली बोट टेकवलं आणि विचारलं, "काका, हे अक्षर तुमचंच ना?" त्याने चष्मा लावला नाही, त्याची गरजच पडली नाही. 'वर्तन चांगले. शेजाऱ्यांचा आक्षेप नाही.' ओळ जरा चढत गेलेली. सरळ रेघेवरही त्याची ओळ चढायचीच, बायको म्हणायची, तुमची अक्षरं जिना चढतात. खाली सही, साडेसात वर्षांपूर्वीची तारीख, आणि वर उजव्या कोपऱ्यात त्या शिपायाचा भरतीच्या वेळचा फोटो. कान बाहेर आलेले, केस नुकतेच कापलेले, कुठल्याही घरातला असावा असा मुलगा. गेले आठ दिवस हाच चेहरा, पण जाड झालेला, तो वर्तमानपत्रात पाहत होता आणि एकदाही त्याने ओळखला नव्हता.

बातमी सगळ्या शहराला पाठ झाली होती. एक बाई मोबाईल चोरीला गेला म्हणून ठाण्यात तक्रार द्यायला गेली. या शिपायाने तिचा पत्ता उतरवून घेतला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो तिच्या दारात उभा राहिला, चौकशीला आलोय म्हणाला. तिने गणवेश पाहिला आणि दार उघडलं. पुढचं वर्तमानपत्राने एका वाक्यात उरकलं होतं. ते वाक्य वाचून तो रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाला होता, "असल्याला नोकरीत घेतलं कुणी?" बायको गेल्यापासून तो असं मोठ्याने बोलायचा, उत्तर द्यायला कुणी नसलं तरी. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण परवा न्हाव्याच्या खुर्चीत मान वाकवून बसलेला असताना, न्हावी म्हणाला की आता पोलिसाला दार उघडायचं की नाही हाच प्रश्न आहे, तेव्हा याने मान वाकवलेलीच ठेवून सांगितलं होतं, "आमच्या वेळी असं नव्हतं. आम्ही माणूस पारखून घ्यायचो." न्हाव्याने मान हलवली असावी, कात्री क्षणभर थांबली होती. आता बाईंच्या टेबलासमोर बसल्यावर ते वाक्य त्याच्या मानेवर सुटलेल्या केसांसारखं टोचायला लागलं.

"हो, माझंच," तो म्हणाला.

तो पडताळणी शाखेत हवालदार होता. भरतीला आलेल्या मुलांच्या घरी जायचं, वागणूक कशी आहे ते बघायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचं आणि अर्ज भरून द्यायचा, हे त्याचं काम. एकतीस वर्षं त्याने तेच केलं. शाखेत त्याला भिंतवाले म्हणत. कारण त्याचा एक हट्ट होता: चौकशी करायची ती समोरच्याकडे नाही, वरच्या मजल्यावरच्याकडे नाही, तर ज्याच्या घराची भिंत त्या घराशी सामाईक आहे त्याच्याकडे. समोरच्याला दार दिसतं, भिंतीपलीकडच्याला माणूस ऐकू येतो, असं तो नव्या पोरांना शिकवायचा. पोरं मागून टर उडवायची, भिंतवाले आले, कान लावा. पण त्याच पोरांपैकी दोघं-तिघं पुढे मोठ्या हुद्द्यावर गेली आणि भेटली की म्हणायची, तुमची भिंत अजून उपयोगी पडते.

"वरचे लोक म्हणतात, पद्धत बरोबर होती, माणूस नंतर बिघडला," बाई म्हणाल्या. गणवेशातल्या त्या बाई त्याच्या मुलीच्या वयाच्या असतील. डोळ्यांखाली काळं आलेलं, टेबलावर झाकण ठेवलेला गार चहा. "तसं असेल तर माझी चौकशी इथंच संपते. पुढच्या महिन्यात पाचशे मुलं घ्यायचीत, ती याच पद्धतीनं घेतली जातील. मला एवढंच बघायचंय, की तेव्हा कुणी काही सांगितलं होतं का? तुम्ही ज्यांना विचारलंत त्यांनी?"

काल त्याने जुन्या सोबत्याला फोन केला होता, ज्याला सगळे मिशा म्हणत. मिशांना आता मिशा नव्हत्या, पण सल्ला तोच जुना होता. "अरे, आठवत नाही म्हण आणि उठ. आपल्या वयात ते खरंच वाटतं. मला तर परवा बायकोचं माहेरचं आडनाव आठवेना, तिनं दोन दिवस चहा दिला नाही." दोघंही हसले होते. तेच म्हणायचं ठरवून तो आला होता. पण बाई वाट बघत होत्या, बोटं संगणकाच्या कळांवर ठेवून, आणि 'आठवत नाही' हे शब्द त्याला एकदम फार उघडे वाटले, थंडीत नुसत्या बनियनवर बाहेर आल्यासारखे. त्यांच्यावर काहीतरी पांघरायला हवं होतं. म्हणून तो म्हणाला, "नक्की आठवत नाही, बाई. तेव्हा माझी बायको आजारी होती. मी त्या दिवसांत भानावर नव्हतो."

बाईंची बोटं थांबली. त्यांनी पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. "गेल्या का त्या?" "दीड वर्ष झालं." "माफ करा काका, मला माहीत नव्हतं." मग त्यांनी ते वाक्य टाइप केलं, सावकाश, जरा आदरानेच. त्याने सही केली. बाई दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "बाकीचे नुसतं आठवत नाही म्हणाले. तुम्ही निदान कारण तरी सांगितलंत."

घरी येताना बसमध्ये त्याला खिडकीजवळची जागा मिळाली. हलकं वाटायला हवं होतं आणि थोडा वेळ वाटलंही. त्याने पाव घेतला, अंडं उकडलं, ताटलीत मीठ काढून ठेवलं. समोरची खुर्ची त्याने अजून हलवली नव्हती, तिच्या पाठीवर बायकोची करडी शाल होती. एवढ्यात मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात असते, दुपारच्या सुट्टीत रोज करते.

"बाबा, जेवलात?"

"बसलोय."

"काय विचारलं त्यांनी? फार छळलं नाही ना?"

"नाही गं. बाई चांगल्या होत्या. मी सांगितलं, तेव्हा तुझी आई आजारी होती, माझं लक्ष नव्हतं."

"कधी?"

त्याने तारीख सांगितली. पलीकडे कुणीतरी हसत होतं, कपबशा वाजत होत्या. "तेव्हा कुठे आजारी होती आई?" मुलगी म्हणाली. "त्याच्या पुढच्याच महिन्यात तर माझ्या नव्या घराला आली होती, स्टुलावर चढून सगळे पडदे लावले तिनं. तुम्हीच रोज फोनवर ओरडायचात, उतर म्हणून. बाबा? ऐकताय ना?"

"हो, हो. माझी गफलत झाली."

"होतं असं. अंडं गार करू नका."

अंडं गार झालं. तो उठला आणि कपाटातली निळी फाईल काढली. बायकोने स्वतःच्या आजाराचे कागदसुद्धा तारखेनुसार लावले होते, दर कागदाला पिन, वर्षाला एक रंगीत खूण. सगळ्यात खालचा कागद त्याने बाहेर ओढला. पहिली तपासणी. तो अर्ज भरल्यानंतर चौदा महिन्यांनी. तो कागद हातात धरून उभाच राहिला. स्वतःला झाकायला काही सापडलं नाही म्हणून त्याने बायकोला चौदा महिने आधी आजारी पाडलं होतं. तिला किती थोडे धडधाकट महिने उरले होते, आणि त्यातलेच त्याने काढून घेतले होते, सरकारी कागदावर, सही करून.

आता तो दिवस आठवायचा की नाही हे त्याच्या हातात राहिलं नाही. आठवत नाही हे तर खोटंच होतं. त्याला सगळं आठवत होतं, सकाळी पायाला चावणाऱ्या बुटांसकट. चौथा मजला, लिफ्ट बंद. दुसऱ्या मजल्यावर तो गुडघा धरून उभा होता तेव्हा वरून तो मुलगा धावत खाली आला. "साहेब, द्या इकडे," म्हणाला आणि त्याची पिशवी हातातून घेतली. पडताळणीत एक साधा नियम आहे, पिशवी उमेदवाराच्या हातात द्यायची नाही. अर्ज पिशवीत असतो. हा नियम त्यानेच नव्यांना सांगितलेला. पण नोकरीच्या इतक्या वर्षांत त्याला कुणी साहेब म्हटलं नव्हतं. शाखेत ए भिंतवाले, बाहेर अहो हवालदार. वर मुलाच्या बापाने पंखा त्याच्याकडे वळवला, पाणी दिलं, बाप शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक, तोही साहेब, साहेब. त्या गार वाऱ्यात बसून त्याला वाटलं, चांगलं घर आहे. मुलगा पिशवी घेऊन खाली जाऊन थांबला होता, म्हणजे साहेबांना उतरताना ओझं नको.

मग तो सवयीप्रमाणे भिंतीपलीकडच्या दारावर गेला. तिथे कपडे शिवणारी एक बाई राहायची. तोंडात टाचण्या होत्या. त्याने विचारलं, तशी तिने एकेक टाचणी काढून उशीत खोचली, सगळ्या संपेपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, "चांगला आहे." तो निघाला. तो उंबऱ्यापाशी पोचला तेव्हा ती मागून म्हणाली, "लिहिणार नसाल तर सांगते." तो थांबला. "माझी मुलगी चौदाची आहे. तो घरात असला की ती एकटी जिना उतरत नाही. मी हातातलं काम टाकून खाली सोडायला जाते." आणि तिने मुलीच्या पलंगाच्या वरच्या भिंतीकडे नुसता हात केला. तिथे पांढऱ्या चुन्याचे तीन ठिपके होते, बोटाएवढे, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. "तीनदा भोक पाडलं. तीनदा मी बुजवलं. त्याच्या आईबापाला सांगितलं तर म्हणाले, खिळा ठोकत होता. त्याला तो गणवेश देऊ नका. पण माझं नाव लिहू नका, आम्हाला इथंच राहायचंय."

असं कुणी सांगितलं तर काय करायचं हेही ठरलेलं होतं. नाव न घालता वेगळा कागद लिहायचा, बंद पाकिटात वर द्यायचा. मग उमेदवार थांबवला जातो आणि वरिष्ठ अधिकारी पुन्हा चौकशीला जातो. त्याने आयुष्यात असे वीसेक कागद लिहिले असतील. त्या दिवशीही लिहिणारच होता. पण खाली आला तर मुलगा स्कूटरजवळ पिशवी छातीशी धरून उभा. "काय साहेब, काही कमी-जास्त नाही ना?" हसत म्हणाला. त्याच्या हसण्याचं काय करावं याला कळेना. अर्ज काढला, स्कूटरच्या सीटवर ठेवला. वाऱ्याने कागद उडायला लागला, तर मुलाने एक बोट ठेवून कोपरा दाबून धरला. त्या बोटासमोर त्याने लिहिलं, आक्षेप नाही. दुसरं काही लिहायला लाज वाटली. होय, लाजच, मुलगा एवढा नम्रपणे उभा, त्याच्या तोंडावर कसं लिहायचं? वेगळा कागद कचेरीत गेल्यावर लिहू, असं त्याने ठरवलं. कचेरीत महिनाअखेरची गडबड होती. उद्या लिहू. परवा फाईल वर गेली. मग वाटलं, बायका कधी कधी फुगवून सांगतात. मग काही वाटेनासं झालं.

आणि संध्याकाळी बायको. या आठवणीपर्यंत तो आला आणि शाल असलेल्या खुर्चीकडे बघवेना म्हणून खिडकीकडे तोंड करून बसला. ती शेंगा सोलत होती. रोज विचारायची तसं तिने विचारलं, "अहो, आज भिंत काय म्हणाली?" हा त्यांचा दोघांचा खेळ होता, मुलगी लहान असल्यापासूनचा. त्याने सांगितलं, चांगला किस्सा होता, टाचण्यांचंही सांगितलं. तीन ठिपक्यांपाशी तिचा हात थांबला. "चौदा वर्षांची?" ती म्हणाली. "मग लिहिलंत ना?"

"हो," तो म्हणाला होता.

"बरं केलंत," म्हणून तिने पुढची शेंग घेतली.

इतक्या सहज. लिहायचं राहून गेलं, उद्या लिहितो, असं म्हणाला असता तर तिने रोज विचारलं असतं, छळलं असतं, आणि तिसऱ्या दिवशी त्याने लिहिलं असतं. तिला टाळण्यासाठी तो हो म्हणाला, आणि त्या हो-वर ती पुढची सगळी वर्षं विसंबून राहिली. शेवटी इस्पितळात, बोलताना दम लागायचा तेव्हा, एका परिचारिकेने विचारलं होतं, तुमचे मिस्टर काय करायचे? ही म्हणाली, "पोलिसात कुणाला घ्यायचं ते बघायचे. यांच्या नजरेतून वाईट माणूस सुटत नाही." तो पायथ्याशी बसून तिची नखं कापत होता. त्याने मान वर केली नव्हती. तेव्हा त्याला टाचण्या आठवल्या होत्या का? आठवल्या होत्या. क्षणभर. मग त्याने पुढचं नख घेतलं.

साडेचार वाजले होते. त्याने अंडं झाकून ठेवलं आणि बूट घातले.

चौकशीच्या बाई खांद्याला पर्स लावून निघाल्या होत्या. "काका, काही विसरलात का?"

"ते वाक्य काढा," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती.

"कोणतं?"

"माझ्या बायकोचं. ती तेव्हा आजारी नव्हती. ठणठणीत होती."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. दारातल्या पहारेकऱ्याला त्यांनी हाताने बाहेर जायला सांगितलं. "काढता येत नाही. सही झालीय. पुरवणी जबाब घेता येतो." मग खुर्ची ओढली, पर्स काढून ठेवली. "बोला."

तो बोलला. टाचण्यांपासून बोटापर्यंत. चुन्याच्या ठिपक्यांचं अंतर त्याने टेबलावर वीत ठेवून दाखवलं. बाई टाइप करत गेल्या. मध्ये कुठेतरी त्यांचं काका म्हणणं बंद झालं हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. "वेगळा कागद का लिहिला नाही?" त्यांनी विचारलं.

त्याने कारण शोधलं. महिनाअखेर होती. गुडघा होता. त्या बाईनेच लिहू नका म्हटलं होतं. पण नाव लिहू नका म्हटलं होतं, तेवढंच. "तो मला साहेब म्हणाला होता," तो शेवटी म्हणाला.

"असंच लिहू?"

"असंच लिहा."

त्यांनी लिहिलं. कळांचा आवाज थांबल्यावर त्या म्हणाल्या, "त्या बाईंना कुणी त्रास दिला असेल का पुढे? किंवा त्या मुलीला?" पाण्याचा पेला सकाळचाच तिथे होता, पण त्याने हात लावला नाही. साडेसात वर्षांत त्याने ती चौदाची मुलगी चौदाचीच ठेवली होती. ती मोठी झाली असेल, तिने तो जिना कसा उतरला असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. "माहीत नाही," तो म्हणाला, आणि सकाळच्या 'आठवत नाही'सारखं हे खोटं नव्हतं.

"मला त्यांना भेटावं लागेल. आत्ताच जाते. घर दाखवाल?"

बाईंच्या गाडीतून ते निघाले. इमारत तीच होती, लिफ्ट आता चालू होती, पण बाई जिन्याने निघाल्या म्हणून तोही निघाला. चौथ्या मजल्यावर शिक्षकाच्या दाराला कुलूप होतं, आठ दिवसांची वर्तमानपत्रं उंबऱ्यात तशीच पडलेली. शेजारच्या दाराची घंटा बाईंनी वाजवली. दार बोटभर उघडलं. आत एक तरुण मुलगी होती, गळ्यात मोजायची फीत, हातात कात्री. तिने बाईंचा गणवेश पाहिला आणि दार आणखी एक बोटही उघडलं नाही.

"आई कामावर गेलीय."

बाईंनी ओळखपत्र दाखवलं. कशासाठी आलोय ते सांगितलं, हळू, पुन्हा पुन्हा. मुलगी ऐकत होती, पण तिची नजर बाईंच्या खांद्यावरून मागे, दोन पायऱ्या खाली उभ्या असलेल्या त्याच्यावर होती.

"हे मागे आले होते," ती म्हणाली. "मी आत स्वयंपाकघरात होते. आईनं यांना सगळं सांगितलं. हे गेल्यावर आईनं मला गोड करून दिलं, म्हणाली, आता तुला भ्यायला नको, साहेबांना सांगितलंय." ती जरा थांबली. "सहा महिन्यांनी तो गणवेश घालून जिना चढला. आमच्या दारापाशी थांबला आणि आईला म्हणाला, काकू, तुमचे उपकार झाले, तुम्ही माझ्याबद्दल चांगलं सांगितलंत."

त्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. माफी हा शब्द त्याच्या जिभेवर होता, पण तो त्याला एकदम फार स्वस्त वाटला, सकाळच्या त्या वाक्यासारखाच पांघरायला घेतलेला.

"मी बोलते," मुलगी बाईंना म्हणाली. "मला बोलायचंय. पण आधी यांना खाली पाठवा."

बाईंनी वळून पाहिलं. त्याने कठडा धरला आणि उतरायला लागला. तिसरा मजला. कुणाच्या तरी घरातून बातम्या ऐकू येत होत्या. दुसरा. गुडघा दुखत होता, पण तो थांबला नाही. थांबला असता तर वर आवाज गेला नसता आणि ती मुलगी तशीच कान देऊन उभी राहिली असती. म्हणून तो मुद्दाम पाय वाजवत उतरला, प्रत्येक पायरीवर, म्हणजे तिला तो किती खाली गेला ते कळावं. पहिल्या मजल्यावर त्याला वरून दार पूर्ण उघडल्याचा आवाज आला. तो पाय वाजवत उतरतच राहिला.